लेखाचे वाटे

"वाचून सांगतो" हे दोन शब्द भरत उतेकरांच्या तोंडून गेले नसते, तर त्यांचा तो फाल्गुन सुखात गेला असता. पण माणूस पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांत दोनदा नाव आलेलं. अशा माणसाला कुणी 'हा लेख तुमच्याशिवाय कुणाला समजणार?' असं म्हटलं, की त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो. भरतरावांचाही सुटला.

प्रकरण होतं पालखीचं. पोलादपूरच्या वर डोंगरात भरतरावांचं गाव. गावाच्या वाड्या दोन, वरची आणि खालची, आणि पालखी एक, वाघजाईची. शिमग्यात ती देवळातून निघायची आणि भोई ज्या बाजूला तोंड करून उभे असतील तिकडे आधी जायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग गेल्या वर्षी मुंबई मंडळाच्या ग्रुपवर हृतिक नावाच्या एका उत्साही पोराने एका छापील पानाचा फोटो टाकला. कुणा प्राध्यापकांनी कुठल्याशा संशोधन वार्षिकात आपल्या गावच्या पालखीवर लेख लिहिला होता, त्याचं ते पान. पानावरची पहिलीच ओळ होती, 'पालखी प्रथम वरच्या वाडीत जाते, हा मान पूर्वापार आहे.'

वरच्या वाडीने त्या ओळीचा फ्लेक्स केला. खालच्या वाडीने तो उतरवला. मग व्हायचं ते झालं. पालखी देवळातच बसली, आणि वर्षभर दोन्ही वाड्यांचं येणंजाणं, बोलणंचालणं, एकमेकांच्या लग्नाला जेवणं, सगळं बंद. यंदा शिमगा जवळ आला तेव्हा गावकीला एक शहाणपणाची गोष्ट सुचली, की बाबांनो, एका पानावर भांडलो, आता अख्खा लेख तरी वाचू. भरतराव महाडला राहत असले तरी मूळ खालच्या वाडीचे; पण त्यांची थोरली बहीण बायजाआक्का वरच्या वाडीत दिलेली. म्हणजे दोन्हीकडचा अर्धा विश्वास त्यांच्यावर. बेरीज करून एक होतो, असा हिशेब गावकीने केला.

खरं सांगायचं तर भरतरावांनी होकार दिला त्याला त्यांची विद्वत्ता हे एकच कारण नव्हतं. आक्का त्यांच्याशी बोलत नव्हती. ती तरी काय करणार, घरच्यांची वाडी एकीकडे आणि भावाची दुसरीकडे. भाऊबीजेला तिचा निरोप आला, "यंदा नको येऊ." तरी भरतराव पोलादपूरपर्यंत गेले, स्टँडवर चहा घेतला, डोंगराकडे बघितलं आणि महाडला परत आले. बायकोला त्यांनी सांगितलं, गाडी मिळाली नाही. सरिताबाईंना ठाऊक होतं की गाडी मिळते. त्या काही बोलल्या नाहीत, आणि असं न बोलणं त्यांच्या संसारात फार क्वचित घडायचं.

आता आधी तो लेख मिळवणं आलं. तो महाडच्या एका वाचनालयात होता, पण संदर्भ विभागात. संदर्भ विभागातलं पुस्तक बाहेर नेता येत नाही. आत बसून झेरॉक्स काढता येते, पण मशीन बाहेरच्या दुकानात आहे. पुस्तक दुकानापर्यंत न्यायला अर्ज लागतो, अर्जावर आजीव सभासदाची शिफारस लागते. आजीव सभासदांपैकी बहुतेकांनी 'आजीव' हा शब्द फारच मनावर घेऊन तो पूर्ण करून टाकला होता. जे एक उरले होते ते बिरवाडीला मुलीकडे राहत. भरतराव बिरवाडीला गेले, तर ते गृहस्थ महाडला वाचनालयात गेले होते. शेवटी सही झाली. वाचनालयाच्या शिपायाने पुस्तक छातीशी धरून दुकानापर्यंत सोबत केली. आयुष्यभर लोकांच्या अर्जांत त्रुटी काढलेल्या माणसावर ही वेळ यावी, याचा भरतरावांना मनस्वी राग आला. त्यांच्या अर्जात तीन त्रुटी निघाल्या होत्या.

लेख हातात आला आणि भरतरावांनी चष्मा पुसून पहिलं वाक्य वाचलं. 'ग्रामीण सांस्कृतिक अवकाशातील प्राधान्यक्रमाचे संहितीकरण हे सत्तासंबंधांच्या वाटाघाटीचे एक प्रवाही रूप असते.' त्यांनी ते परत वाचलं. मग चष्मा परत पुसला. दोष चष्म्यात नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळा लेख तीनदा वाचला आणि सरिताबाईंनी "काय म्हणतोय?" असं विचारल्यावर "सखोल आहे" असं उत्तर दिलं.

"म्हणजे कळलं नाही," सरिताबाई म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरचे पाठारे सल्ला द्यायला आले. सल्ला द्यायला त्यांना बोलवावं लागत नाही. ते म्हणाले, महत्त्वाच्या ओळींवर पिवळी खूण करत जा. भरतरावांनी खुणा केल्या. सगळीच पानं पिवळी झाली, कारण काय महत्त्वाचं ते कळत असतं तर पाठाऱ्यांची गरजच पडली नसती. मग पाठाऱ्यांनी आपल्या मोबाईलला लेख वाचायला दिला. झेरॉक्स पुसट, वर पिवळा रंग. मोबाईलने क्षणात सारांश दिला, की हा लेख पालखी या पारंपरिक वाहनाची रचना, देखभाल आणि आसनक्षमता यांविषयी आहे.

शेवटी भरतरावांनी पुण्यात एमए करणाऱ्या मुलीला, गौतमीला फोन केला. आपल्याला अडलंय असं न दाखवता त्यांनी विचारलं, "तुम्ही मुलं हल्ली असले लेख कसे वाचता, जरा कुतूहल म्हणून."

"उलटा आराखडा करा बाबा," गौतमी म्हणाली. "लिहिणारा आधी आराखडा करतो, मग लेख लिहितो. आपण उलट जायचं, लेखावरून आराखडा काढायचा. प्रत्येक परिच्छेदासमोर दोनच गोष्टी लिहा. हा सांगतो काय, आणि हा करतो काय. एकेका ओळीत. मग लेख बाजूला ठेवून नुसत्या तुमच्या ओळी वाचा."

"सांगतो काय आणि करतो काय यात फरक काय?"

"पाठारेकाका तुम्हाला सल्ला देतात ना, ते काय सांगतात ते वेगळं. करतात काय? वेळ घालवतात."

भरतरावांना पद्धत एकदम पटली.

ते जेवणाच्या टेबलावर बसले. पहिल्या परिच्छेदासमोर लिहिलं, 'सांगतो काय: माहीत नाही. करतो काय: त्रास देतो.' पण पुढे गाडी हळूहळू चालू लागली. अमुक परिच्छेद गावाचं वर्णन करतो, अमुक दुसऱ्या विद्वानाशी भांडतो, अमुक स्वतःचंच आधीचं म्हणणं परत सांगतो. अडचण एकच, समास बोटभर आणि हेडक्लार्कचं अक्षर ऐसपैस. तेव्हा त्यांनी कात्री घेतली, एकेक परिच्छेद कापला, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागे चिकटवला आणि शेजारी प्रशस्त जागा केली. घरभर पट्ट्या वाळत पडल्या. सरिताबाई दोन दिवस भिंतीच्या कडेकडेने चालत होत्या.

एका पट्टीशी मात्र त्यांचं पेन अडायचं. ती मानाची पट्टी. 'सांगतो काय: पालखी आधी वर जाते' इतकं त्यांनी लिहिलं आणि पुढचा रकाना, आणि पुढच्या सगळ्या पट्ट्याही, कोऱ्या ठेवल्या. त्या परिच्छेदाचं पहिलंच वाक्य अकरा ओळींचं होतं, आणि त्या ओळींत शिरायची भरतरावांची छाती होईना. कारण लेखाने वरच्या वाडीला मान दिला, तर खालची वाडी पालखीला खांदा देणार नाही. खालच्या वाडीला दिला, तर वरची देणार नाही. आणि निकाल वाचून दाखवणार कोण, तर बायजाआक्काचा भाऊ. काहीही निघालं तरी आक्काचं दार बंदच. ते ती पट्टी उचलायचे, ठेवायचे आणि पाणी प्यायचे.

तेवढ्यात खालच्या वाडीचे नाथूअण्णा महाडच्या बाजाराला आले होते, ते सहज डोकावले. नाथूअण्णा म्हणजे खालच्या वाडीचा आवाज. गेल्या वर्षी फ्लेक्स उतरवताना शिडी त्यांचीच होती. त्यांनी टेबलावर कात्री पाहिली, जमिनीवर लेखाचे तुकडे पाहिले, आणि चहा अर्धा टाकून उठले. संध्याकाळपर्यंत डोंगरात बातमी पोचली, की भरतने लेख कापला. वरच्या वाडीत पोचेपर्यंत ती पिकली. भरतने लेखातला वरच्या वाडीचा मान कापून काढला आणि बाकीचा कॅलेंडरवर डकवला. फोन सुरू झाले. भरतरावांनी प्रत्येकाला उलट्या आराखड्याची पद्धत समजावली. गावाने त्यातला 'उलटा' एवढाच शब्द उचलला. तो शिमग्याच्या तोंडावर वापरायला नको होता, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

रविवारी दोन्ही वाड्यांच्या मधे असलेल्या शाळेच्या पडवीत गावकी बसली. वरची वाडी एका अंगाला, खालची दुसऱ्या. मधे भरतराव, हातात पट्ट्यांची पिशवी आणि खिशात दोन पानी भाषण. बायजाआक्का वरच्या बायकांत बसली होती. तिने भावाकडे पाहिलं नाही, आणि आपण पाहत नाही हे त्याला नीट दिसेल अशा बेताने बसली.

"बंधुभगिनींनो," भरतरावांनी सुरुवात केली, "कोणत्याही लेखाचे आकलन..."

"आकलन ऱ्हाऊ दे," वरच्या वाडीचे रामादादा म्हणाले. ते तिकडचे मानकरी. "आदी सगलं तुकडं हायत काय त्ये दाखव."

पट्ट्या ओळीने मांडल्या गेल्या. भरतरावांनी जपून ठेवलेल्या झेरॉक्सच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिल्या. सगळ्या होत्या. यावर दोन्ही बाजूंची थोडी निराशाच झाली. मग नाथूअण्णा उठले.

"तुकडं हायत, पन वाचनार कोन? एकट्या भरतच्या तोंडून नाय आयकायचा. गावच्या बकऱ्याचं वाटं आपन कसं करतो? घरटी वाटा. ह्याचंबी वाटं करा. ज्याचा वाटा त्यानी वाचायचा."

वर्षभरात पहिल्यांदा दोन्ही वाड्यांचं एकमत झालं. भरतराव म्हणाले, लेख ही काही बकऱ्यासारखी वाटायची वस्तू नव्हे, त्यात एक सलग विचार असतो. पण विचार नक्की कोणता ते त्यांना सांगता येत नसल्याने त्यांचं कुणी ऐकलं नाही.

वाटे पडले. पहिली पट्टी रिवाजाप्रमाणे मानकऱ्याला, म्हणजे रामादादांना. तिच्यात ते संहितीकरण होतं. रामादादांनी ती अभिमानाने घेतली, वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. मग तक्रारी सुरू झाल्या. त्यांची पट्टी लांब, आमची आखूड. लगेच पट्ट्या वितीने मोजल्या गेल्या. दोन आखूड पट्ट्यांचा एक वाटा धरायचा ठरला. भरतरावांच्या एका पट्टीवर 'करतो काय: काही नाही, वगळावा' असं लिहिलेलं होतं. ती ज्या घराला गेली ते घर खवळून उठलं.

"आमच्याच वाट्याला फुकटचा कसा आला?"

"अहो, फुकटचा म्हणजे... तिथे लेखक नुसता..."

"नुसता कसा? छापलाय त्यो! आमचा वाटा वगलायचा नाय!"

आभाराचा परिच्छेद गेला त्या घराची मात्र चंगळ झाली. "आमच्या उताऱ्यात समद्यांचं आभार मानल्यात," असं ते सगळ्यांना वाचून दाखवत हिंडू लागले.

भरतरावांचा आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता, वाचनालयातला धरूनसुद्धा. भाषण खिशात घामाने भिजलं. पण एक चमत्कार त्यांच्या नजरेतून सुटला नाही. जे गाव एका पानाच्या पहिल्या ओळीवर वर्षभर भांडलं, ते आता कोपऱ्याकोपऱ्यात टाळकी एकत्र करून वाचत होतं, कारण प्रत्येकाला आपला वाटा दुसऱ्याच्या वाट्याहून सरस आहे हे सिद्ध करायचं होतं. त्यांनी खडू उचलला, शाळेच्या फळ्यावर दोन रकाने आखले, 'सांगतो काय' आणि 'करतो काय', आणि म्हणाले, "ज्याचा त्याने आपला वाटा सांगा. एका ओळीत. मी फक्त लिहितो."

सगळे सांगू लागले. मुंबईहून आलेली सेजल म्हणाली, "आमच्यात नुसती व्याख्या दिलीय, काका, पुढच्याची तयारी." खालच्या चंद्रभागाकाकींनी नातीकडून पट्टी वाचून घेतली आणि विचार करून म्हणाल्या, "ह्यात काय नाय गो. पावना यायच्या आदी आंगन झाडतात, तसा हाय." भरतरावांनी लिहिलं, 'अंगण झाडतो.' एक घर म्हणालं, "ह्यो दुसऱ्या कुनाशी भांडतोय, आपल्याशी नाय." फळा भरत चालला, आणि भरतरावांना प्रथमच त्या लेखाला हातपाय दिसायला लागले.

मग मानाची पट्टी आली. ती वरच्या वाडीतल्या साळूबाईंच्या घराला गेली होती. दोन्ही वाड्या हातभर पुढे सरकल्या. साळूबाई चौथी शिकलेल्या. त्या बोट ठेवून, एकही शब्द न गाळता वाचत होत्या. अकरा ओळींच्या वाक्याला त्या मुळीच भ्यायल्या नाहीत, कारण ते अकरा ओळींचं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

"खालच्या वाडीतील एका ज्येष्ठ निवेदकाने, वरच्या वाडीतील आपल्या सासुरवाडीच्या ओटीवर बसून, निवेदकाच्या सासूबाई शेजारीच वडे तळण्यात मग्न असताना, प्रस्तुत लेखकास आग्रहाने सांगितले की..." इथे पान उलटत होतं, आणि तो फोटो नेमका इथून सुरू होत होता. "...पालखी प्रथम वरच्या वाडीत जाते, हा मान पूर्वापार आहे."

मग खालच्या वाडीतली एकेक मान नाथूअण्णांकडे वळली. ज्यांची सासुरवाडी वरच्या वाडीत आहे असे ज्येष्ठ तिथे आणखीही होते, पण ज्यांच्या सासूचे वडे दोन्ही वाड्यांत नावाजलेले, असे एकच. त्यांची बायको बयाबाई तर हातभर अंतरावर बसली होती.

"आयेच्या वड्यावर बोललाव तुमी?" बयाबाई म्हणाल्या.

"मंग काय सांगनार व्हतो?" नाथूअण्णा कळवळून म्हणाले. "सासू पुढ्यात, ताट पुढ्यात, परका मानूस इचारतोय पयला मान कुनाचा. आमचा म्हनू? बरा दिसतो काय?"

वरच्या वाडीत हशा उसळला. रामादादा तर मांडी थोपटत होते. तेव्हा पुढची पट्टी ज्या घराला गेली होती, त्या खालच्या घराने घसा साफ केला.

"वरच्या वाडीतील मानकरी निवेदक, खालच्या वाडीत कन्येच्या सोयरिकीसाठी आले असता म्हणाले की, पालखीचा पहिला मान निःसंशय खालच्या वाडीचा आहे."

रामादादांचं हसणं जागच्या जागी बसलं. "मुलीची बाजू व्हती," ते पुटपुटले. "मोठेपना द्यायला नगं?"

भरतराव फळ्याजवळ उभे होते. त्यांनी दोन्ही पट्ट्या फळ्यावर उतरवल्या. फळ्यावर शेवटची एकच ओळ रिकामी होती. शेवटची पट्टी कुणाकडे, असं त्यांनी विचारलं.

बायजाआक्का उठली. पट्टी तिने वाचून ठेवलेली होती. भावाकडे न बघता, फळ्याकडे बघत ती म्हणाली, "सांगतो काय, तर ह्या गावात जो तो पयला मान दुसऱ्याला देतो. असा गाव त्यानी दुसरीकडं बगितला नाय."

"आणि करतो काय?" भरतरावांनी विचारलं.

"लाज आनतो," आक्का म्हणाली.

भरतरावांनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं.

त्यानंतर खरं भांडण सुरू झालं. नाथूअण्णा म्हणाले, यंदा पालखी आधी वर. रामादादा म्हणाले, छापून आलंय माझं नाव, आधी खाली. नाव कुठे छापलंय, असं कुणीतरी म्हणालं, पण ते कुणी ऐकलं नाही. दोघेही हट्टाला पेटले, आवाज चढले, आणि भरतरावांना क्षणभर वाटलं की आता पालखी पहिला मान नाकारण्यावरून देवळात बसते. शेवटी नाथूअण्णा खाली बसले आणि हळूच म्हणाले, "रामा, आयकून घे. सासू गेली माजी. तिच्यापुढं दिलेला शबुद हाय त्यो. यंदा वर जाऊ दे. फुडल्या साली तुज्या शबदाला खाली आनू." रामादादा उठून त्यांच्याजवळ येऊन बसले. त्यांनी चंचीतली सुपारी नाथूअण्णांपुढे धरली.

गाव उठू लागलं. मुंबईची पोरं फळ्याचे फोटो काढत होती, अख्ख्या फळ्याचे, हे भरतरावांनी खात्री करून घेतलं. ते पट्ट्या गोळा करू लागले, तर कुणी द्यायला तयार नाही. वाटा एकदा पडला की तो परत कसा करायचा? आभाराची पट्टी तर फ्रेम करायचं ठरलंसुद्धा होतं. बायजाआक्काने आपली पट्टी घडी घालून कमरेला खोचली आणि ती समोर येऊन उभी राहिली. वर्षभराने इतक्या जवळून. केस बरेच पिकले होते तिचे.

"येवडा वाचायला वरीस लागला व्हय रे तुला, भरत्या?"

भरतरावांना सांगायचं होतं की लेख अत्यंत क्लिष्ट होता, वाचनालयाने अर्ज परत केला होता, झेरॉक्स पुसट होती. त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला, पण या वेळीही दोष चष्म्यात नव्हता.

"पालखीच्या आदल्या दिशीच ये," आक्का म्हणाली. "सरिताला घेऊन ये. मुक्कामाला. आनि तोंड काय असा करतोस, बायका बगतायत."

गाडीने पोलादपूर सोडलं आणि मोबाईलला रेंज आली, तसा गौतमीचा फोन आला.

"काय बाबा, केलात उलटा आराखडा? समजला लेख?"

"समजला," भरतराव म्हणाले.

"मग सांगा बघू एका ओळीत. सारांश काय?"

भरतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं, खिशातलं भाषण चाचपलं, आणि नाक ओढून म्हणाले, "आत्या बोलली."